कंटिन्युअस पॅन आणि व्हर्टिकल क्रिस्टलायझर : पॅन स्टेशनवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान साखर कारखान्याच्या प्रोसेस विभागातल्या मंडळींसाठी आहे : पॅन इन्चार्ज, मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, लॅबमधली पोरं आणि ज्यांच्या टेबलावर खर्चाचा प्रस्ताव येतो ते. आकडे आपल्याकडच्या डबल सल्फिटेशनच्या, तीन मॅसेक्यूट पद्धतीच्या कारखान्यांना धरून दिले आहेत. तुमच्याकडे रिफायनरी असेल किंवा पद्धत वेगळी असेल, तर आकडे बदलतील. कारणं तीच राहतील. नवख्यांसाठी थोडक्यात : पॅन म्हणजे व्हॅक्यूमखाली उकळून साखरेचा दाणा वाढवायचं भांडं. एक-एक घाणा काढतो तो बॅच पॅन, कप्प्याकप्प्यातून अखंड चालतो तो कंटिन्युअस. दाणा आणि रस यांचं घट्ट मिश्रण म्हणजे मॅसेक्यूट, तेच ए, बी, सी अशा तीन टप्प्यांत करतात. क्रिस्टलायझरमध्ये ते थंड करून उरलेली साखर दाण्यावर बसवतात आणि मशीन (सेंट्रिफ्यूगल) दाण्यापासून मळी वेगळी करतं. ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी, आणि त्या घन पदार्थांत साखर किती टक्के ती प्युरिटी.

कंटिन्युअस पॅन बसवला, व्हर्टिकल क्रिस्टलायझर बसवला, तरी मळीची प्युरिटी खाली का येत नाही?

कारण या दोन्ही यंत्रांचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा यंत्राच्या बाहेर. बॅच पॅनमध्ये पॅनमन हुशार असेल तर तो वाईट परिस्थितीतूनही पॅन सोडवून नेतो. व्हॅक्यूम पडला तर थांबतो, फॉल्स ग्रेन (नको असताना आपोआप पडलेला बारीक दाणा) दिसला तर पाणी घेऊन विरघळवतो, दाणा कमी पडला तर दुसऱ्या पॅनमधून कट घेतो. कंटिन्युअस पॅनला असं थांबता येत नाही. त्याला दिवसभर एकसारखं सीड (वाढवण्यासाठी आधी तयार केलेला बारीक दाणा), एकसारखं फीड, एकसारखी वाफ आणि एकसारखा व्हॅक्यूम लागतो. यातलं एक जरी तासातासाला हललं, तरी पुढचे सगळे कप्पे हलतात आणि ती गडबड मशीनपर्यंत जाते.

म्हणून क्षमता वाढवण्याचा किंवा नवी शेल बसवण्याचा विचार करण्याआधी आठवडाभराचे ट्रेंड काढून बघा. एक्झॉस्टचा (टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचा) दाब, व्हॅक्यूम आणि फीडचा ब्रिक्स एवढे तीनच आलेख पुरतात. ते करवतीच्या दात्यांसारखे दिसत असतील, तर दोष पॅनचा नाही.

साखर नेमकी कुठे हुकते हे शोधायचं कसं?

एकाच मॅसेक्यूटचा पाठलाग करा आणि चार ठिकाणी नच फिल्टरने (दाण्यापासून रस वेगळा करणाऱ्या छोट्या गाळणीने) रस काढून त्याची प्युरिटी तपासा, तिलाच बोलताना ‘नच’ म्हणतात : पॅनच्या तोंडाशी, क्रिस्टलायझरमधून बाहेर पडताना, रिहीटरनंतर (मशीनवर जाण्याआधी माल थोडा गरम करतात तिथे) आणि शेवटी मशीनमधून निघालेली मळी. एकाच वेळी चारही नमुने घेऊ नका. क्रिस्टलायझरमध्ये माल तीस तास राहत असेल तर दुसरा नमुना तीस तासांनीच घ्यायचा. नाहीतर कालच्या पॅनची आजच्या मळीशी तुलना होते, आणि हे आपल्याकडे सर्रास चालतं.

एक उदाहरण घेऊ. सी मॅसेक्यूटची प्युरिटी ५६. पॅनच्या तोंडाशी नच ३६, क्रिस्टलायझरनंतर ३१, रिहीटरनंतर ३१.५ आणि मळी ३४. दाण्याचं प्रमाण काढायचं सूत्र सोपं आहे : मॅसेक्यूटची प्युरिटी वजा नचची प्युरिटी, भागिले शंभर वजा नचची प्युरिटी. पॅनपाशी २० भागिले ६४, म्हणजे ब्रिक्सवर ३१ टक्के दाणा. क्रिस्टलायझरनंतर २५ भागिले ६९, म्हणजे ३६ टक्के. दोन्ही यंत्रांनी आपापलं काम नीट केलं आहे. अडीच युनिट गेले ते मशीनवर : जाळी फाटली असेल, बारीक दाणा जाळीतून जात असेल किंवा कोणीतरी पाण्याचा कॉक मोकळा सोडला असेल. अशा कारखान्यात नवीन क्रिस्टलायझरवर पैसे घातले तर मळी ३४ वरच राहणार.

उलट पॅनपाशीच नच ४० आली, तर क्रिस्टलायझरला दोष देऊ नका. त्याच्याकडे पोचलेल्या मालात दाण्याचा पृष्ठभागच कमी आहे. साखर बसणार कशावर?

एक युनिट प्युरिटी कमी झाली तर असं काय मोठं मिळतं?

हिशेब करून बघा. मळी उसाच्या ४ टक्के, ब्रिक्स ८६ धरू. म्हणजे घन पदार्थ उसाच्या ३.४४ टक्के. प्युरिटी ३० असेल तर त्यात साखर १.०३ टक्के आणि बाकी अशुद्धी २.४१ टक्के. अशुद्धी तेवढीच राहते. प्युरिटी ३१ झाली की साखर होते १.०८ टक्के. फरक उसावर ०.०५ टक्के. पाच हजार टनी कारखान्यात दिवसाला अडीच टन आणि १२० दिवसांच्या हंगामात ३०० टन साखर.

संचालक मंडळापुढे बोलताना प्युरिटी हा शब्द वापरूच नका. ‘उताऱ्यात ०.०५ चा फरक’ असं म्हणा. उताऱ्यातल्या दशांशाची किंमत तिथे सगळ्यांना कळते.

शेजारच्या कारखान्याची मळी २८ आणि आमची ३०. आम्ही कमी पडतो का?

नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. मळी किती खाली जाऊ शकते हे तिच्यातल्या रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोज) आणि राख यांच्या गुणोत्तरावर ठरतं. रिड्यूसिंग शुगर साखरेला विरघळून राहू देत नाही, राख तिला धरून ठेवते. दक्षिण आफ्रिकेत लक्ष्य प्युरिटीसाठी एक सूत्र वापरतात : ३३.९ मधून, १३.४ गुणिले या गुणोत्तराचा दहाच्या पायाचा लॉग, वजा करायचा. गुणोत्तर १ असेल तर लक्ष्य ३३.९ येतं, २ असेल तर साधारण २९.९. हे ट्रू प्युरिटीचे आकडे आहेत, पोल (पोलरीमीटरवर मोजलेली साखर) आणि ब्रिक्सवरून काढलेल्या अपॅरंट प्युरिटीचे नाहीत. दोन्हींची सरमिसळ करू नका.

क्षारपड जमिनीतला ऊस ज्यांच्याकडे जास्त येतो, त्यांच्या मळीत राख जास्त असते. त्यांनी २८ चा हट्ट धरला तर पॅनमनला उगाच शिव्या बसतात. तुमच्या मळीचं लक्ष्य आणि प्रत्यक्ष आकडा यांतला फरक दर पंधरवड्याला मांडा. तुलना करायची ती या फरकाची.

सीड किती द्यायचं आणि कसं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण कंटिन्युअस पॅनचं निम्मं यश इथेच ठरतं.

पॅनमध्ये नवा दाणा तयार व्हायला नको, आलेला दाणा फक्त वाढायला हवा. दाण्याची लांबी दीडपट झाली तर वजन होतं दीडचा घन, म्हणजे ३.४ पट. दुप्पट झाली तर आठ पट. समजा सी पॅनमधून ०.२४ मिलिमीटरचा दाणा हवा आहे आणि सीडमधला दाणा ०.१६ चा आहे. मग सीडमधून ताशी जेवढा टन दाणा येईल त्याच्या ३.४ पट बाहेर पडेल. त्यापेक्षा जास्त साखर बसवायचा प्रयत्न केला तर ती जुन्या दाण्यावर बसत नाही, फॉल्स ग्रेन होऊन बसते. सीड गरजेपेक्षा जास्त दिलं तर दाणा बारीक राहतो आणि मशीनवर मळी सुटत नाही. म्हणून सीडचा प्रवाह अंदाजाने ठेवू नका, सूक्ष्मदर्शकाखाली दाणा मोजून हिशेबाने ठरवा. कोणी विचारलं की ‘फूटिंग (सीडचं प्रमाण) तीस टक्के बरोबर आहे का’, तर उत्तर एकच : दाण्याचं माप सांगा.

ग्रेन बॅच पॅनमध्ये स्लरीवर (बारीक दळलेल्या साखरेच्या लगद्यावर) घ्या. शॉकवर (झटका देऊन दाणा पाडून) घेतलेला ग्रेन दर वेळी वेगळा निघतो. बॅच पॅनमध्ये तो खपून जातो, इथे नाही. स्लरीही रोज त्याच वजनाची, तेवढेच तास बॉल मिलमध्ये फिरलेली हवी.

तयार ग्रेन साध्या क्रिस्टलायझरमध्ये उघड्यावर ठेवू नका. तो थंड होतो, सुपरसॅच्युरेशन (विरघळू शकते त्याहून जास्त साखर रसात असणं) वाढतं आणि पंपात जाईपर्यंत त्यात धुरळा तयार झालेला असतो. व्हॅक्यूम क्रिस्टलायझर असेल तर उत्तमच. नसेल तर जॅकेटमध्ये गरम पाणी आणि वर झाकण एवढं तरी करा. सीड पंप व्हेरिएबल स्पीडचा हवा, आणि त्याचा वेग एकूण फीडच्या प्रमाणात आपोआप बदलायला हवा. एक ग्रेन संपून दुसरा सुरू होतो त्या अर्ध्या तासाकडे पाळीतल्या माणसाने स्वतः उभं राहून बघावं. बहुतेक गडबडी तिथेच सुरू होतात.

फीड मोलॅसिसचा ब्रिक्स ६५ असला तर काय बिघडतं? तेवढंच सुरक्षित ना?

फॉल्स ग्रेनच्या दृष्टीने सुरक्षित, वाफेच्या दृष्टीने महाग. ९८ ब्रिक्सचं मॅसेक्यूट करायचं आहे. फीड ७२ ब्रिक्सचं असेल तर एक टन घन पदार्थामागे साधारण ३७० किलो पाणी उडवावं लागतं. ६५ ब्रिक्सचं असेल तर ५२० किलो. म्हणजे चाळीस टक्के जास्त. तेवढी वाफ जास्त, तेवढा कंडेन्सरवर भार जास्त आणि त्याच पॅनमधून उत्पादन कमी. ‘आमचा पॅन क्षमतेएवढा चालत नाही’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा कंडिशनरच्या (फीड पातळ-गरम करून दाणा विरघळवायच्या टाकीच्या) बाहेरचा ब्रिक्स विचारावा.

७० ते ७२ ब्रिक्स आणि साधारण ७० अंश तापमान ठेवा. कंडिशनरमध्ये बारीक दाणा पूर्ण विरघळायला हवा. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात धरा, चमचम दिसली तर विरघळलेला नाही. फीड पॅनमधल्या मालापेक्षा थंड असू नये. थंड फीड कप्प्यात शिरलं की तिथलं उकळणं बसतं.

व्हॅक्यूम किती ठेवावा?

गेजवरचा आकडा सांगण्यापेक्षा ॲब्सोल्यूट प्रेशर सांगायला शिका. पुस्तकात ६५० मिलिमीटर लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. तिथे हवेचा दाब ७६०, म्हणून आत उरतात ११०. कोल्हापूर, सांगली, पुणे हा सगळा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथे हवेचा दाबच ७१० मिलिमीटरच्या घरात असतो. म्हणजे आपल्याकडे गेजवर ६०० दिसले की आत तेच ११० आहेत. पुस्तकातले ६५० गाठायचा हट्ट धरून इंजेक्शन पंप (कंडेन्सरला पाणी देणारे) पळवले, तर आतला दाब ६० वर जाईल, माल थंड आणि घट्ट होईल, आणि वीज फुकट जाईल ती वेगळीच. मराठवाडा, नगर, सोलापूर इथली उंची थोडी वेगवेगळी आहे. आपल्या गावचा बॅरोमीटरचा आकडा एकदा माहीत करून घ्या आणि पॅनफ्लोअरवरच्या फळ्यावर लिहून ठेवा.

व्हॅक्यूम कमी-जास्त असण्यापेक्षा तो हलणं जास्त वाईट. अचानक वाढला तर माल झटक्यात थंड होतो आणि फॉल्स ग्रेन पडतो. अचानक पडला तर तापमान चढतं, उकळणं बंद होतं आणि बारीक दाणा विरघळतो. बॅच पॅन आणि कंटिन्युअस पॅन एकाच कंडेन्सर लाइनवर असतील, तर बॅच पॅन सुरू होताना कंटिन्युअसला झटका बसतोच. कंटिन्युअससाठी वेगळा कंडेन्सर हा खर्च फेडून देणारा खर्च आहे.

कप्प्यांमधली पातळी किती ठेवायची?

कॅलॅन्ड्रियाच्या (वाफेने तापणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या) वर माल जेमतेम झाकेल एवढी, साधारण ३० ते ४० सेंटिमीटर. ‘थोडी जास्त असली तर काय होतं’ याचं उत्तर आकड्यात आहे. मॅसेक्यूटची घनता १.४५ ते १.५. एक मीटर खोलीवर दाब १४ किलोपास्कलने वाढतो. वर दाब १४.७ किलोपास्कल असेल तर तिथे पाणी ५३ अंशाला उकळतं, मीटरभर खाली ते ६८ अंशाशिवाय उकळणार नाही. पंधरा अंशांचा हा फरक तुमच्या वाफेतून वजा होतो. तिसऱ्या बॉडीची (रस आटवण्याच्या संचातल्या तिसऱ्या भांड्याची) वाफ वापरत असाल तर आधीच हातात थोडकाच फरक असतो. पातळी चढली की माल फिरणं मंदावतं, मग पॅनमन म्हणतो वाफ वाढवा. खरं तर माल काढायला हवा असतो.

तिसऱ्या बॉडीच्या वाफेवर पॅन चालतो का, की दुसऱ्याच बॉडीची हवी?

चालतो. कंटिन्युअस पॅन घेण्याचं मोठं कारणच ते आहे. बॅच पॅनमध्ये मालाच्या दर घनमीटरमागे सुमारे ६ चौरस मीटर गरम पृष्ठभाग असतो, कंटिन्युअसमध्ये १० च्या आसपास. खोलीही कमी. त्यामुळे कमी तापमानाची वाफ पुरते. सी पॅनसाठी तर ती पुरतेच, कारण तिथे पाणी कमी उडवायचं असतं.

मात्र ही वाफ रसातून निघालेली असते आणि तिच्यासोबत न गोठणारे (थंड होऊनही पाणी न होणारे) वायू येतात. ते कॅलॅन्ड्रियात साठले की तेवढ्या नळ्या नुसत्या शोभेच्या राहतात. व्हेंटच्या नळीला हात जवळ नेऊन बघा. ती कोमट असेल तर वायू नीट निघत नाहीत. कंडेन्सेटचा निचरा अडला तरी हाच परिणाम दिसतो : वाफेचा दाब पुरेसा, पण माल हलत नाही. व्हेंटचा कॉक वाफ वाचवायला कोणी बंद करतं आणि नंतर महिनाभर क्षमता का घसरली याच्या बैठका होतात.

सगळ्या कप्प्यांत ब्रिक्स सारखा ठेवायचा का?

नाही. पहिल्या कप्प्यांत माल सैल, पुढे हळूहळू घट्ट, आणि शेवटच्या दोन कप्प्यांत फीड जवळपास बंद करून घट्ट करायचा. सी मध्ये सुरुवातीला ९० च्या आसपास आणि शेवटी ९८ ते १०० असा चढ असतो. पहिल्या कप्प्यांत दाण्याचा पृष्ठभाग कमी असतो, तिथे घट्ट केलं तर साखरेला बसायला जागा मिळत नाही. चढ पायऱ्यांसारखा यायला हवा. मध्येच एखादा कप्पा मागच्यापेक्षा सैल निघाला, तर त्याची फीड व्हॉल्व्ह गळतेय असं समजा.

प्रोबबद्दल एक गोष्ट. सी आणि बी साठी कंडक्टिव्हिटी प्रोब ठीक चालतात. ए मध्ये राख कमी असते, तिथे रेडिओ फ्रिक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हचे बरे. कुठलाही असो, त्यावर साखरेचा थर बसला की तो खोटं बोलतो. पाळीला एकदा हाताने नमुना घेऊन ब्रिक्स ताडून बघा. लॉगशीटवर तीनही पाळ्यांत बाराही कप्प्यांचे आकडे सारखेच दिसत असतील, तर नमुना घेतलेला नाही एवढं नक्की समजा.

कंटिन्युअसचा दाणा बॅचइतका एकसारखा का नसतो?

कारण प्रत्येक दाणा पॅनमध्ये सारखा वेळ राहत नाही. बारा कप्पे एकापाठोपाठ एक, प्रत्येकात माल पूर्ण मिसळतो असं धरलं, तर राहण्याच्या वेळेतला फैलाव सरासरीच्या २९ टक्के येतो. सहाच कप्पे असते तर तो ४१ टक्के झाला असता. म्हणजे कप्पे जितके जास्त तितका दाणा एकसारखा. पण मधल्या पडद्याला भोक पडलं असेल, खालचं दार नीट बसत नसेल, तर बारा कप्पे कागदोपत्रीच बारा राहतात. ऑफ सीझनला पडद्यांची वेल्डिंग तपासताना पाणी भरून एकेक कप्पा बघा.

सी आणि बी ला हा फैलाव चालतो, तो दाणा शेवटी मेल्ट होतो किंवा सीड म्हणून परत जातो. ए मध्ये एम-३० (मध्यम दाण्याच्या साखरेची प्रत) ची विक्री करायची असेल तर मात्र विचार करावा लागतो. बऱ्याच ठिकाणी ए बॅचवर आणि बी-सी कंटिन्युअसवर अशी विभागणी आहे, ती उगाच नाही.

पॅन किती दिवसांनी धुवायचा?

प्युरिटी जितकी जास्त, तितकं लवकर. ए दोन-तीन आठवड्यांनी, सी कितीतरी जास्त दिवस चालतो. कॅलेंडर बघून धुण्यापेक्षा वाफेचा दाब आणि माल काढण्याचा वेग बघा. त्याच उत्पादनाला रोज थोडी जास्त वाफ लागू लागली की तारीख ठरवा.

खरा त्रास नळ्यांपेक्षा भिंतींवरच्या पापुद्र्याचा असतो. पातळी वर-खाली झाली की उघड्या भिंतीवर उडालेला माल सुकतो, त्याचे ढेकूळ खाली पडतात आणि दार अडवतात. उपाय पुन्हा तोच : पातळी स्थिर ठेवा. भिंतीवर वाफेचे किंवा गरम पाण्याचे फवारे असतील तर ते पाळीत ठरलेल्या वेळी चालवा. धुतलेलं गोड पाणी गटारात न जाता मेल्टरला जातंय ना, तेही बघा.

जिगर स्टीम द्यावी का?

शेवटच्या कप्प्यांत, थोडी. तिथे माल घट्ट असतो, उकळणं कमी, म्हणून खालून बुडबुडे सोडून त्याला हलवायचं. बाष्प किंवा न गोठणारे वायू वापरले तर फुकटात काम होतं. सगळ्याच कप्प्यांत कायम जिगर उघडी ठेवावी लागत असेल तर व्हेंट, पातळी आणि फीडचं तापमान पुन्हा तपासा.

व्हर्टिकल क्रिस्टलायझरमध्ये माल किती तास राहायला हवा?

सी साठी ३० तासांच्या आसपास. हिशेब असा : पाच हजार टनी कारखाना, सी मॅसेक्यूट उसाच्या साडेसात टक्के, म्हणजे दिवसाला ३७५ टन. घनता १.५ धरली तर २५० घनमीटर. तीस तासांसाठी ३१२ घनमीटरच्या जवळपास जागा लागते.

पण जागा असणं आणि ती वापरात असणं यांत फरक आहे. थंड पाण्याच्या नळ्यांभोवती माल थिजतो, तिथे चिकटपणा वाढतो आणि तो जागचा हलत नाही. गरम माल मधूनच वाट काढून सरळ खाली जातो. तीस तासांच्या क्रिस्टलायझरमधून माल बारा तासांतच बाहेर येतो, असं घडतं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत लिथियमसारखा ट्रेसर सोडून हे मोजतात. आपल्याकडे एवढं शक्य नसेल, तर बाहेर पडणाऱ्या मालाचं तापमान दर तासाला नोंदवा. ते तीन-चार अंशांनी वर-खाली होत असेल तर आत वाटा पडल्या आहेत.

पाणी जितकं थंड तितकं चांगलं ना?

उलट. ६८ अंशांचा माल ४२ वर आणायचा आहे, तासाला एक अंशाच्या आसपास. बर्फासारखं पाणी सोडलं तर नळ्यांभोवती थर थिजून तोच थंड होणं अडवतो, आणि बाकीचा माल गरमच राहतो. पाणी मालाच्या उलट दिशेने वाहायला हवं : खाली, जिथे माल थंड आहे, तिथून शिरून वरून बाहेर. वरच्या टप्प्यात पाण्याचं तापमान मालापेक्षा फार खाली नसावं. जानेवारीच्या रात्री कूलिंग टॉवरचं पाणी एरवीपेक्षा बरंच गार होतं, आणि ड्राइव्हचे ट्रिप नेमके पहाटे येतात. त्या दिवसांत पाण्याचा प्रवाह रात्री कमी करा.

रिहीटरमधून किती गरम करायचं?

५० ते ५२ अंश. मशीनवर मळी सुटण्यापुरता चिकटपणा कमी व्हावा, एवढाच हेतू. माल ज्या तापमानाला संपृक्त होतो त्याच्या वर गेलात, तर तीस तासांत बसवलेली साखर दहा मिनिटांत परत विरघळते. रिहीटरच्या आधी आणि नंतर नच घ्या. अर्ध्या युनिटपर्यंत चढ चालेल, एक युनिटच्या पुढे गेला तर गरम पाणी कमी करा. पाणी ५५-६० अंशांचं पुरे, पृष्ठभाग मोठा हवा.

माल मशीनवर सुटत नाही. पाणी मारू का?

मारू नका. क्रिस्टलायझरच्या तोंडावर किंवा पगमिलमध्ये (मशीनवरच्या, माल ढवळत ठेवणाऱ्या भांड्यात) बादलीभर पाणी ओतणं सोपं, दिसायला परिणामही लगेच. पण त्या पाण्याला संपृक्त व्हायला साखर लागते आणि ती दाण्यातूनच येते. सैल करायचंच असेल तर गरम केलेली मळी वापरा, ती आधीच साखरेने भरलेली असते. त्याहून आधी हे तपासा : दाणा फार बारीक आहे का, रिहीटर चालू आहे का, मशीनचा फीड एकसारखा आहे का. पगमिलमध्ये लाइव्ह स्टीम सोडणं हा त्याहून वाईट प्रकार. त्याने दाणा विरघळतोच आणि मालाचा रंगही काळवंडतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं चिकट का होतं?

शिळा ऊस. तोडणी आणि गाळप यांत उन्हात दोन-तीन दिवस गेले की ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान तयार करतात. डेक्स्ट्रानने माल चिकट होतो, दाणा लांबट सुईसारखा वाढतो आणि मशीनवर आडवा बसून मळी अडवतो. सूक्ष्मदर्शकाखाली सुया दिसल्या की पॅनमध्ये शोध घेत बसू नका, यार्डात जा. कोणत्या ट्रॅक्टरची खेप किती तासांची आहे ते विचारा. डेक्स्ट्रानेझ (डेक्स्ट्रान तोडणारं एन्झाइम) आणि सरफॅक्टंट (चिकटपणा कमी करणारं रसायन) तात्पुरती मदत करतात, पण तोडणीचं वेळापत्रक शेती विभागाकडे आहे. प्रोसेस आणि शेती खात्याची एकत्र बैठक आठवड्याला व्हायला हवी. ती क्वचितच होते.

बी-हेवी मोलॅसिस (बी मशीनवरची, बरीच साखर शिल्लक असलेली मळी) डिस्टिलरीला जातंय. मग सी चा पॅन रिकामा ठेवायचा का?

हा प्रश्न २०१८ नंतर वाढला, बी-हेवीच्या इथेनॉलला वेगळा दर मिळू लागला तेव्हापासून. धोरण बदलतंही. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसावर आणि बी-हेवीवर केंद्राने निर्बंध घातले, पुढच्या हंगामासाठी ते उठवले. ज्यांनी सी स्टेशन मोडीत काढलं होतं, त्यांची त्या वर्षी धावपळ झाली. म्हणून सी चा सेट चालू स्थितीत ठेवा.

त्या पॅनवर बी घ्यायचं असेल तर तीन गोष्टी बघा. बी मध्ये पाणी जास्त उडवायचं असतं, तर वाफेची आणि बाष्पाची नळी पुरते का? फीड व्हॉल्व्हचं माप पुरतं का? आणि प्रोब बी साठी नव्याने कॅलिब्रेट केले का? सीडचं गणितही नव्याने मांडावं लागतं, कारण दाणा मोठा हवा. क्रिस्टलायझर बी ला वापरता येतो, पण थंड कमी करायचं. ज्या बी-हेवीची विक्री साखरेसकट होते, तिथे दाण्यावर शेवटची साखर बसवण्यासाठी जिवाचं रान करण्यात अर्थ नाही.

नो केनमुळे (ऊस न आल्याने) गाळप थांबलं. आतल्या मालाचं काय?

काही तासांचा थांबा असेल तर पॅनचं सीड आणि फीड बंद करा, वाफ अगदी कमी ठेवा, व्हॅक्यूम सोडू नका आणि कप्प्यांत थोडं गरम पाणी घेत माल हलता ठेवा. घट्ट शेवटच्या कप्प्यांकडे आधी लक्ष द्या. थांबा एका दिवसापेक्षा लांबणार असं दिसलं तर रिकामा करा, वाट बघत बसू नका.

क्रिस्टलायझर जास्त धोक्याचा. ड्राइव्ह एक क्षणही थांबवू नका. थंड पाणी बंद करून नळ्यांत ५५ अंशांचं पाणी फिरवा. वीज जाण्याची शक्यता असेल तर ड्राइव्ह आणि पाण्याचा पंप डिझेल जनरेटरवर घेतलेले हवेत. आत थिजलेला माल हाताने काढायची वेळ आली तर आठवडा जातो.

पूर्ण ऑटोमेशन केलं तर हे सगळे प्रश्न सुटतील?

निम्मे. ऑटोमेशन प्रोबवर विश्वास ठेवतं, प्रोबवर विश्वास ठेवायला माणूस लागतो. व्हॅक्यूम, एक्झॉस्ट आणि फीडचा ब्रिक्स यांचे लूप आधी स्थिर करा, कप्प्यांचे नंतर. उलट क्रमाने पैसे घातलेले कारखाने बरेच आहेत.

ऑफ सीझनला काय बघायचं?

नळ्यांची जाडी आणि गळती, पडद्यांची वेल्डिंग, दारांचं बसणं, व्हेंटच्या नळ्यांची तोंडं, कंडेन्सेटचा उतार, फीड व्हॉल्व्हच्या सीट, क्रिस्टलायझरच्या नळ्यांवरचा गंज आणि गिअरबॉक्स. पॅनमध्ये किंवा क्रिस्टलायझरमध्ये माणूस उतरवण्याआधी वाफेच्या आणि बाष्पाच्या लाइनवर ब्लँक (लाइन बंद करणारी चकती) टाका, हवा तपासा, परमिट काढा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवा. ब्लँक टाकल्याची सही ज्याने टाकला त्याचीच घ्या, ऑफिसमध्ये बसलेल्याची नको.

प्रशिक्षणासाठी माणसं कुठे पाठवावीत?

पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची नॅशनल शुगर इन्स्टिट्यूट इथे साखर तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम चालतात. केमिस्टला पाठवताना पॅनमनलाही पाठवा. फीड व्हॉल्व्ह ऑटोवरून मॅन्युअलवर कधी घ्यायचा, हे रात्री अडीच वाजता तोच ठरवतो.